निरोगी क्रमांक चार

माझं हृदय मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते तांदळाच्या दाण्याएवढं होतं आणि गुलाबी पाण्यात दोन खांबांना धरून उड्या मारत होतं. इरफानदादा सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाला आणि म्हणाला, "बघ, तुझंच आहे. लाजू नको."

लाजण्याचा प्रश्नच नव्हता. पुण्यात येऊन मला दीड वर्ष झालं होतं आणि मला बघून कुणी इतक्या उत्साहानं हललेलं मला आठवत नव्हतं.

मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या कॉलेजात केळुस्कर मॅडमची हृदयावर काम करणारी लॅब होती आणि पदवीच्या मुलांनाही तिथे हाताशी घ्यायची मॅडमची पद्धत होती. पीएचडी करणारी मुलं शोध लावायची, आम्ही बशा धुवायचो आणि त्यातूनच शिकायचो. लॅबचा एक रिवाज होता. नवीन आलेल्या प्रत्येकानं पहिल्याच आठवड्यात एक सुई रक्त द्यायचं. इरफानदादा, म्हणजे मॅडमचा सगळ्यात जुना विद्यार्थी, त्याला प्रवेश फी म्हणायचा.

त्या रक्ताचं काय करतात ते सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. रक्तातल्या पेशीला काही रसायनं देऊन तिचं मोठेपण विसरायला लावतात. ती पुन्हा गर्भातल्यासारखी होते, म्हणजे पुढे काय व्हायचं हे अजून न ठरलेली. तिला मूलपेशी म्हणतात. मग ठरावीक क्रमानं दुसरी रसायनं दिली की ती हृदयाची पेशी बनते, आणि एके दिवशी कुणी न सांगता बशीच्या तळाशी धडधडायला लागते. अशा लाखो पेशी दोन लवचिक खांबांमध्ये वाढवल्या की स्नायूची बारीकशी पट्टी तयार होते. पट्टी आकसली की खांब वाकतात. खांब किती वाकले हे कॅमेरा टिपतो, त्यावरून पट्टीचा जोर कळतो. ज्याचं रक्त, त्याच्या हृदयासारखीच त्याची पट्टी वागते. त्यामुळे एखाद्या रुग्णाला औषध द्यायच्या आधी ते त्याच्या पट्टीला देऊन बघता येतं. पूर्वी पट्टी तयार व्हायला महिनेच्या महिने जायचे. आमच्या वेळेपर्यंत ते काम दीड-दोन महिन्यांत व्हायला लागलं होतं.

आता आजारी पट्टी आजारी आहे हे कळायला शेजारी एक निरोगी पट्टी लागतेच. ती आमच्यासारख्यांच्या रक्ताची. बशीवर नाव लिहायचं नाही हा नियम होता, म्हणून आम्हांला क्रमांक होते. निरोगी क्रमांक एक ही इरफानदादाची पट्टी. ती कायम रुसलेली, आज हलेल तर उद्या नाही. दोन आणि तीन क्रमांकाच्या पट्ट्या अशक्त होत्या, खांब जेमतेम वाकवायच्या. चौथी माझी. ती कधी रुसली नाही, कधी थकली नाही आणि खांब असे वाकवायची की मॅडमनी कॅमेरा बिघडलाय का म्हणून दोनदा तपासायला लावला. लॅबमध्ये तिचं नावच पडलं, पहिलवान.

मग काय, ज्याला त्याला निरोगी पट्टी म्हणून चार क्रमांकच हवी असायची. इरफानदादाचा सगळा प्रबंध तिच्याशी तुलना करून उभा राहिला. चेन्नईच्या आणि गुवाहाटीच्या लॅबनं मागणी केली तेव्हा बर्फाच्या डब्यातून माझ्या पेशी विमानानं गेल्या. मी अजून विमानात बसलेली नाही.

खरं सांगायचं तर त्या लॅबमध्ये माझ्यापेक्षा माझ्या पेशींच्या ओळखी जास्त होत्या. मी तुळजापूरच्या अलीकडच्या गावातली. वर्गातली मुलं वाईट नव्हती, पण त्यांचे विनोद मला समजेपर्यंत हसून संपलेले असायचे. कँटीनमध्ये मी चहा घेऊन कुणाच्या तरी टेबलाजवळ उभी राहायची आणि मग काहीतरी आठवल्यासारखं करून परत लॅबमध्ये यायची. पेशींना रोज ताजं पोषक पाणी लागतं. त्याला आम्ही जेवण घालणं म्हणायचो. त्यांना रविवार कळत नाही, दिवाळी कळत नाही. सुट्टीत जेवण घालायला कोण थांबेल असं मॅडमनी विचारलं की माझा हात वर. सगळ्यांना वाटायचं पोरगी कष्टाळू आहे. मला निदान कुणीतरी माझी वाट बघतंय असं वाटायचं, मग ते माझंच हृदय का असेना.

पुढच्या दिवाळीत होस्टेलवर मी आणि मेसचं मांजर, एवढेच होतो. धाकट्या बहिणीचा, वेणूचा, फोन आला. ती नुकतीच अठराची झाली होती आणि खो-खो खेळायची. खेळायची म्हणजे नुसती खेळायची नाही, आमच्या भागात तिचं नाव होतं. खांबाजवळ सूर मारून गडी टिपायची तिची पद्धत बघायला शेजारच्या गावची माणसं यायची. राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती, तिथून राष्ट्रीय स्पर्धा, आणि त्यातून पुढे खेळाडूंच्या जागेतून पोलिसांत नोकरी, असा तिचा सगळा हिशेब ठरलेला होता. ती अर्धा तास फक्त खेळाचं बोलली. मीही तिला माझ्या पट्टीबद्दल सांगितलं. "दोघींचा बी जोर सारखाच की गं," असं म्हणून ती हसली. मला फार बरं वाटलं.

वेणूबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमचे बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. एका मे महिन्यात बंद पडलेली गाडी चौघांबरोबर ढकलताना ते खाली बसले ते उठलेच नाहीत. चाळिशीही गाठली नव्हती. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले आणि आईनं ते धरून ठेवलं. मी रडून मोकळी झाले, पण वेणूनं वर्षभर मैदानावर पाय ठेवला नाही. आई विहिरीवर गेली तरी तिच्या मागं, आई झोपली तरी तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची. ती भीती तिच्या पायांतून निघायला फार वेळ लागला.

दिवाळीनंतर लॅबमध्ये नवीन यंत्र आलं. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, आम्ही त्याला घाणा म्हणायला लागलो. पट्टीला त्यात जुंपायचं. विजेच्या ठोक्यांनी तिचा वेग वाढवायचा, खांब कडक करून तिचं ओझं वाढवायचं, पळताना आणि घाबरताना शरीरात सुटतात ती द्रव्यं पाण्यात सोडायची, मध्ये विसावा द्यायचा आणि पुन्हा जुंपायचं. माणसाच्या हृदयाला काही वर्षांत जी झीज सोसावी लागते ती पट्टीला एका आठवड्यात सोसावी लागायची. तरुण माणसाचं हृदय पन्नाशीत कसं असेल हे महिन्याभरात दिसणार होतं. मॅडम म्हणाल्या, रुग्णांच्या पट्ट्यांबरोबर निरोगी पट्टीही जुंपा, नाहीतर तुलना कशाशी करणार. ते काम माझ्याकडे आलं.

पहिलवान दुसऱ्याच आठवड्यात ताठ व्हायला लागला. जोर तसाच होता, उलट वाढला होता, पण आकसल्यावर पट्टी पुरती सैल होईना. मग ठोके चुकायला लागले. एका सकाळी जेवण घालायला गेले तर पट्टी जागच्या जागी नुसती थरथरत होती, आणि दुपारपर्यंत थांबली.

इरफानदादानं पहिल्यांदा मलाच धारेवर धरलं. जेवण चुकवलंस का, हात नीट धुतले नव्हतेस का, पाणी जुनं वापरलंस का. मी सगळ्याला नाही म्हटलं. मॅडमनी नव्या पट्ट्या करून पुन्हा जुंपायला सांगितल्या. पुन्हा तेच झालं. इरफानदादाची ती रुसकी, मरतुकडी पट्टी मात्र घाण्यात निवांत चालत राहिली.

मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. त्यांनी दार लावून घेतलं तेव्हाच मी ओळखलं. हृदयाचा एक आजार असा आहे, त्या म्हणाल्या, की त्यात स्नायू सुरुवातीला अशक्त नसतो, गरजेपेक्षा जास्त जोरात आकसतो. वर्षानुवर्षं तसं करून हृदयाची भिंत जाड होते, ते नीट सैल होत नाही आणि एखाद्या दिवशी पळताना, ओझं उचलताना ठोक्यांची लय बिघडते. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो.

"आम्हांला जोर दिसला," मॅडम म्हणाल्या, "आणि आम्ही त्यालाच तब्येत समजलो. चूक माझी आहे, अक्षता. तुझी नाही."

लॅबभर आजार शोधत होतो आणि तो निरोगी म्हणून लिहिलेल्या बशीत बसला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. ज्यांना आम्ही दुबळ्या म्हणून हिणवलं त्या पट्ट्या ठीक होत्या. ज्या मापानं सगळ्यांना मोजलं ते मापच खोटं होतं.

मॅडमनी ओळखीच्या हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवलं. सोनोग्राफीत भिंत जराशी जाड निघाली. डॉक्टर चांगले होते. गोळी रोज घ्यायची, पळायचं नाही, जड उचलायचं नाही, दर सहा महिन्यांनी येऊन दाखवायचं. सांभाळून राहिलीस तर म्हातारी होशील, असं म्हणाले. मग त्यांनी घरात कुणी अचानक गेलंय का विचारलं, आणि मला डेपोतली ती गाडी आठवली. हे दोष घराण्यातून येतात, बहीण असेल तर तिच्यात असण्याची शक्यता निम्मी, असं ते सांगत होते. मी ऐकत होते की नाही कोण जाणे. मला वेणू खांबाजवळ सूर मारताना दिसत होती.

लॅबमध्ये बातमी पसरली. इरफानदादाचा प्रबंध मोडीत निघाला होता, चेन्नई-गुवाहाटीला कळवणं आलं. तो दिवसभर संगणकासमोर डोकं धरून बसला आणि मग अचानक माझ्याकडे येऊन "तुला काय वाटत असेल" असं काहीतरी अर्धवट बोलला. मी म्हटलं, दादा, तुझं अख्खं वर्ष गेलं. त्याला रडू आलं. मला नाही आलं.

वेणूची तपासणी साधी नव्हती. माझ्या जनुकांत कुठलीच माहितीतली चूक सापडली नव्हती, त्यामुळे तिच्यात नेमकं काय शोधायचं हेच कुणाला माहीत नव्हतं. तिच्या वयात सोनोग्राफी स्वच्छ आली तरी पुढे आजार उगवू शकतो. खात्रीचा मार्ग एकच, तिचं रक्त घ्यायचं, पट्टी करायची, घाण्याला जुंपायची. सगळं मिळून तीन महिने. आणि तोवर तिनं पळायचं नाही. निवड चाचणी याच तीन महिन्यांत होती.

मी एसटीनं गावी गेले. वेणू शाळेच्या मैदानावर खांबाभोवती एकटीच सराव करत होती. मला बघून पळतच आली आणि मी तिच्या पळण्याकडे इतकी घाबरून बघत होते की तिनं हात धरून विचारलं, असं मधीच कसं काय आलीस.

मैदानाच्या कडेला बसून मी तिला सांगितलं. बाबा उन्हानं गेले नाहीत, हृदयानं गेले. तो दोष आपल्यात उतरला असेल. तीन महिने तुझं रक्त तपासेपर्यंत तू खेळायचं नाहीस. ती आधी हसली. मग बराच वेळ बुटाची नाडी सोडून बांधत राहिली.

"तुझं तपासलं का?" तिनं विचारलं.

एसटीत सगळा रस्ताभर मी हे वाक्य येणार म्हणून तयारी केली होती. खरंच सांगायचं ठरवलं होतं. पण समोर वेणू होती, आईच्या नाकाखाली बोट धरून बसणारी. मला दोष आहे हे कळलं तर ही पट्टीच्या निकालाची वाट बघणार नाही, हिचे पाय आत्ताच जातील, आणि निकाल चांगला आला तरी परत येणार नाहीत. खो-खोत उठायचं की नाही हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरतं. तिथे मागे वळून बघणाऱ्याचं काम नाही.

"तपासलं. माझं चांगलंय," मी म्हटलं.

"मग माझंच कसं वाईट असंल?"

"असेलच असं नाही. बघायला हवं."

ती उठून उभी राहिली. इतकी शांत झालेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"मी बसते तीन महिने," वेणू म्हणाली. "बाबांचं नाव घेतलंस म्हणून. पण ताई, ह्यात काय निघालं न्हाई ना, तर तू माझ्यासंगं बोलू नगंस. तुला तुझ्या मशिनीचं कवतिक. मला ह्या एका गोष्टीबिगर काय येतंय सांग."

तिनं सोलापूरला जाऊन रक्त दिलं. प्रशिक्षकांना पाय मुरगळल्याचं सांगितलं. निवड चाचणीच्या दिवशी ती घरातून बाहेर पडली नाही असं आई फोनवर म्हणाली. तिच्या जागी शेजारच्या तालुक्यातली मुलगी संघात गेली.

ते तीन महिने मी कसे काढले मला सांगता येणार नाही. माणसानं देवाकडे एक काहीतरी मागावं. मी मागत होते तो चांगला निकाल मिळाला की बहीण माझ्यापासून तुटणार होती, आणि नाही मिळाला तर तिचं सगळंच जाणार होतं. मॅडमनी मला घाण्यापासून लांब ठेवायचा प्रयत्न केला, तिऱ्हाईत माणसानं बघावं म्हणून. मोजमाप इरफानदादानं केलं. पण जेवण घालायला मीच जायची. वेणूची पट्टी खांब फार वाकवायची नाही. एक साधा, सैलसर ठोका, मग विसावा, मग पुन्हा ठोका. घाण्यात दुसरा आठवडा गेला, तिसरा गेला, ती तशीच. पन्नाशीची झाली, साठीची झाली, तरी तशीच. निरोगी हृदय इतकं शांत चालतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

इरफानदादानं दुसऱ्यांदा मोजून खात्री केली आणि मॅडमच्या देखत मला सांगितलं. मी तिथेच स्टुलावर बसले. मॅडमनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, आता तरी घरी तुझं सांग. मी मान हलवली.

गच्चीवर जाऊन वेणूला फोन लावला. भर दुपार होती, तिच्या मागे मैदानावरच्या मुलींचा गलका ऐकू येत होता. ती मैदानाच्या बाहेर बसून बघत असणार.

"वेणू, काही निघालं नाही," मी म्हटलं. "तुझं हृदय एकदम चांगलंय. म्हातारपणापर्यंत पळशील. जा, उठ, पळ."

मुलींचा आवाज हळूहळू लांब गेला, ती उठून बाजूला आली असावी. मग म्हणाली, "म्हंजे तू मला उगंच बसवलंस."

एक वाक्य पुरलं असतं. दोष माझ्यात आहे वेणू, म्हणून बसवलं. ती त्याच संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला आली असती. रात्रंदिवस माझ्याजवळ बसली असती, माझ्या नाकाखाली बोट धरून. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की मी तोंड उघडलंही. पण मग मैदानावर कोण गेलं असतं? एका घरात भ्यायला एक माणूस पुरे.

"हो," मी म्हटलं. "उगंच."

तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. लेकराचं वरीस घालवलंस, शिकून शानी झालीस का तू, असं म्हणाली आणि रडली. मी ऐकून घेतलं. मग जरा वेळानं तिनं विचारलं, जेवतीस का नीट, आवाज असा का येतोय. मी म्हटलं, सर्दी झालीय.

पुढच्या वर्षी वेणूची निवड झाली. आता ती राष्ट्रीय स्पर्धेत खेळते, बातम्या मला आईकडून कळतात. बीएस्सी संपली तरी मी याच लॅबमध्ये आहे, गोळी घेते, जिना हळू चढते. मॅडमनी जुनं सगळं काम नव्यानं करायला घेतलं आणि निरोगी म्हणून वेणूची पट्टी वापरायची ठरवली. त्यासाठी तिची परवानगी लागणार होती. ती तिनं आईमार्फत कळवली, माझ्याशी न बोलता. बशीवर नाव लिहायचं नाही हा नियम अजून आहे, त्यामुळे नवीन आलेल्या मुलांना ती पट्टी कुणाची हे माहीत नसतं. त्यांना ती जरा मवाळ वाटते.

वेणूचा फोन अजून आलेला नाही. तिच्या हृदयाला मात्र रोज सकाळी मी जेवण घालते.